गृहशास्त्राच्या चार गोष्टी : धुण्याचें पाणी ऊन कीं गार?

स्वयंपाकांतील पाण्याविषयीं आपल्या घरांत जितका विचार होतो, त्याच्या दशांशही धुण्याच्या पाण्याविषयीं होत नाहीं. भाताला आधण किती, पुरणाची डाळ गार पाण्यांत घालावयाची कीं कढत, हें सासूकडून सुनेकडे न सांगतां चालत आलेलें ज्ञान आहे. धुण्याच्या बाबतींत मात्र घरोघर दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो कीं, कढत पाण्यावांचून मळ सुटत नाहीं. दुसरा म्हणतो कीं, गार पाण्यानेंच कपडा टिकतो. दोन्ही पक्ष खरें बोलतात, आणि दोन्ही पक्ष अर्धेंच सांगतात. महिना कोणता, साबण कोणता, मळ कशाचा आणि कपडा कशाचा, या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून पाणी कसें असावें हें सांगतां येत नाहीं. या खेपेस त्या चार प्रश्नांचाच क्रमानें विचार करूं.

प्रथम महिन्याचा प्रश्न घेऊं, कारण तो कोणी विचारीतच नाहीं. "गार पाणी" हा शब्द एक असला तरी वस्तु एक नाहीं. आमच्या नाशकांत मे महिन्याच्या दुपारीं गच्चीवरील टांकींतून नळाला येणारें पाणी पस्तीस अंशांच्या घरांत असतें. हातालाच तें कोमट लागतें. तेंच पाणी पौषांतल्या पहाटे पंधरा-सोळा अंशांवर येऊन ठेपतें. या दिवसांत शहरांत पारा दहाच्या खालीं उतरतो आणि निफाडकडे तर त्याहूनही खालीं जातो, हें वर्तमानपत्रांतून दरवर्षीं वाचावयास मिळतें. जुन्या वाड्यांत विहिरी होत्या तेव्हां हा भेद एवढा जाणवत नसे. कारण विहिरीचें पाणी बारमास जवळजवळ सारखेंच राहतें, म्हणून तें थंडींत ऊन आणि उन्हाळ्यांत गार वाटे. विहिरी बुजल्या, पाणी टांक्यांत चढलें, आणि धुण्याचें पाणी ऋतूच्या स्वाधीन झालें.

याचा परिणाम काय होतो हें पाहण्यास उष्णतामापक यंत्र नको. खोबरेल तेलाची बाटली पुरे. खोबरेल सुमारें चोवीस अंशांच्या खालीं थिजतें. बाटलींतलें तेल थिजलें कीं समजावें, उशीच्या अभ्र्यांत मुरलेलें तेलही थिजलें आहे. अशा दिवशीं नळाच्या पाण्यांत तो अभ्रा कितीही चोळला तरी तेल धाग्याला धरून बसतें, आणि वाळल्यावर त्याला खवट वास येतो. तुपाचीही तीच गोष्ट. तें वितळावयास तीस-पस्तीस अंशांची ऊब लागते. तेव्हां "मे महिन्यांत याच पावडरीनें अभ्रे स्वच्छ निघत होते, आतां कां निघत नाहींत?" अशी जी तक्रार थंडींत ऐकूं येते, तिचें उत्तर पावडरींत नसून पाण्यांत आहे. तेलाचा शिसा थिजला कीं अभ्र्यांना, बाळाच्या दुपट्यांना आणि स्वयंपाकघरांतील फडक्यांना ऊन पाणी द्यावें, हा नियम लक्षांत ठेवण्यास सोपा आहे.

दुसरा प्रश्न साबणाचा. आपल्या पूर्वजांपाशीं आजचा साबण नव्हता, परंतु धुण्याचें शास्त्र नव्हतें असें नाहीं. अमरकोशांत धोब्याला रजकाबरोबर 'निर्णेजक' असें दुसरें नांव दिलें आहे. धुऊन स्वच्छ करणारा, असा त्याचा अर्थ. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत वस्त्रशुद्धीचें प्रकरण आहे, त्यांत प्रत्येक जातीच्या वस्त्राला वेगळें द्रव्य सांगितलें आहे : रेशीम व लोंकर यांस खारी माती, बकऱ्याच्या केसांच्या कांबळ्यांस रिठा, तलम पट्टवस्त्रांस बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या वस्त्रांस पांढरी मोहरी. यांतील प्रत्येक योजना आज जशीच्या तशी पाळावी असें नाहीं. रेशमाला तीव्र खार सोसत नाहीं हें आतां निश्चित कळलें आहे. परंतु धागा पाहून धुण्याची रीत ठरवावी, हें त्यांतील तत्त्व आजही अचूक आहे.

परटांची भट्टी हें या शास्त्राचें व्यवहारांतलें रूप होय. सुती कपडे खाराच्या पाण्यांत बुडवून ते पाण्याच्या तापत्या हंड्यावर रचीत, आणि रात्रभर त्यांना वाफ देत. सकाळीं ते नदीवर नेऊन दगडावर आपटीत आणि वाहत्या पाण्यांत खळबळीत. म्हणजे मळ सुटे तो उष्णतेनें व खारानें, आणि वाहून जाई तो गार पाण्यानें. नदीवरचा धोबी आपल्या दृष्टीस पडे, पण भट्टी पडत नसे. त्यामुळें गंगेच्या गार पाण्यानेंच कपडे शुभ्र होतात असा कित्येकांचा समज झाला. मुंबईस महालक्ष्मीच्या धोबीघाटांत कपडे उकळण्याची ही पद्धत अद्याप पाहावयास मिळते. ज्या परीट समाजांत गाडगे महाराजांचा जन्म १८७६ सालीं झाला, त्या समाजाच्या हातचें हें ज्ञान पोथींत कधीं गेलें नाहीं, म्हणून तें कमी योग्यतेचें ठरत नाहीं.

पुढें वडीचा साबण आला. १८८८ सालीं विलायतेहून सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या, आणि कांहीं दशकांत साबण घरोघर पोंचला. हा साबण चरबीपासून किंवा तेलापासून झालेला असल्यामुळें गार पाण्यांत नीट विरघळत नाहीं. शिवाय दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांतील चुन्याशीं साबणाची गांठ पडली कीं फेसाऐवजीं पांढरा चिकट साका होतो आणि तो कपड्यांतच बसतो. पाणी उकळलें म्हणजे या जडपणाचा कांहीं भाग तळाशीं बसतो. धुण्याचा सोडा घातला तर आणखी कमी होतो. म्हणून आपल्या आज्या पाणी तापवीत आणि त्यांत सोडा टाकीत, त्याला आधार होता.

आजच्या पावडरी निराळ्या आहेत. १९५९ सालीं सर्फ बाजारांत आलें, १९६९ सालीं अहमदाबादेस करसनभाई पटेलांनीं निरमा सुरू केली, आणि धुण्याची तऱ्हाच पालटली. या पावडरी गार पाण्यांतही विरघळतात व जड पाण्यांतही काम देतात. त्यांतील चांगल्या प्रतीच्या पावडरींत तर विकरें घातलेलीं असतात. विकर म्हणजे मळ पचविणारें द्रव्य. एक प्रथिनें तोडतें, दुसरें पिष्ट तोडतें, तिसरें स्निग्ध पदार्थ तोडतें. हीं विकरें तीस ते पन्नास अंशांच्या पाण्यांत उत्तम चालतात. फार गार पाण्यांत तीं आळसावतात, आणि कढत पाण्यांत तीं निकामी होतात. म्हणजे जी गृहिणी महागाची पावडर उकळत्या पाण्यांत टाकते, ती विकरांचे पैसे चुलींत घालते. विकरांच्या पावडरीला कोमट पाणी आणि अर्धा-पाऊण तास भिजण्यास वेळ, एवढेंच हवें.

तिसरा प्रश्न मळाचा. कपड्यावरील रोजची धूळ व घाम साध्या पाण्यानेंही बऱ्याच अंशीं जातात. त्यांच्यासाठीं पाणी तापविण्याचें कारण नाहीं. तेलातुपास ऊब हवी, हें वर आलेंच. परंतु रक्ताच्या डागास ऊन पाणी म्हणजे शत्रूच. रक्तांत प्रथिनें असतात, आणि प्रथिनें साठ अंशांच्या पुढें गोठूं लागतात. तापत्या दुधावर जी साय धरते, तींतही उष्णतेनें आळलेल्या प्रथिनांचा भाग असतो. तसाच थर धाग्यावर बसतो आणि मग डाग जन्माचा होतो. म्हणून रक्त, दूध व बाळाची ओकारी यांचे डाग आधीं गार पाण्यानेंच काढावेत, आणि पाणी स्वच्छ निघूं लागल्यावर मग कोमट पाण्याकडे वळावें. हा क्रम उलटा झाला कीं साबणाचा इलाज चालत नाहीं.

हळदीच्या डागाची कथा याहून गमतीची आहे. पिवळा डाग साबणाच्या पाण्यांत पडतांच लालभडक होतो, आणि पाहणारा घाबरतो. यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. हळदीला चुना लावला म्हणजे कुंकू होतें हें आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. साबणाचा खार तेंच करतो. लिंबू पिळलें कीं ती लाली पुन्हां पिवळी होते. लग्नकार्यांतील हळदीचा अथवा वरणाचा डाग आधीं गार पाण्यानें झटकावा, त्यांतील फोडणीचें तेल कोमट साबणाच्या पाण्यानें काढावें, आणि उरलेला पिवळेपणा सूर्यनारायणाच्या स्वाधीन करावा. हळदीचा रंग उन्हापुढें टिकत नाहीं. फार कढत पाणी मात्र घालूं नये, कारण हळद हा मुळांत रंगच आहे, आणि उष्णतेनें तो कापडांत अधिक खोल जातो. उन्हाचें काम ऊन पाण्यानें होत नाहीं, तें असें.

चौथा प्रश्न कपड्याचा, आणि येथें चूक झाली तर ती सुधारत नाहीं. पांढरें सुती कापड सर्वांत सहनशील. त्यास उकळी सोसते. रंगीत सुती कापड तीस ते चाळीस अंशांत धुवावें, आणि नवें असल्यास ओल्या पांढऱ्या फडक्यानें कोपरा घासून आधीं रंगाची परीक्षा पाहावी. टेरिलीन-पॉलिएस्टरच्या कपड्यांस चाळीसच्या वर नेऊं नये. कढत पाण्यांत हा धागा मऊ होतो आणि पडलेल्या चुण्या तशाच कायम होतात.

लोंकरीच्या धाग्यावर माशाच्या अंगावर असतात तसे सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि चोळणें या तिघांची गांठ पडली कीं ते खवले एकमेकांत अडकतात आणि वस्त्र आटून जाड होतें. नमदा याच कृतीनें मुद्दाम तयार करतात. तेव्हां जो गृहस्थ पश्मिन्याची शाल कढत पाण्यांत खसखसून धुतो, तो शाल देऊन नमदा घेतो. धाबळी, शाल व स्वेटर यांस तीस अंशांचें कोमट पाणी, रिठ्याचा फेस आणि हलका दाब पुरे. खळबळण्याचें पाणीही तितकेंच कोमट असावें. ऊन पाण्यांतून काढून एकदम गार पाण्यांत टाकूं नये.

रेशमाविषयीं एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. कच्च्या रेशमावरील डिंक काढण्यासाठीं तें साबणाच्या जवळजवळ उकळत्या पाण्यांत शिजवितात, हें खरें. परंतु तें कारखान्यांतील काम असून विणण्यापूर्वीं होतें. एकदां तो डिंक गेला, धागा रंगला आणि विणला गेला, म्हणजे उष्णता व खार दोन्ही त्याचे वैरी होत. सोवळ्याचा मुकटा अथवा कद गार किंवा किंचित् कोमट पाण्यांत रिठ्यानें धुवावा, पिळूं नये, आणि सावलींत वाळवावा. आमच्या जिल्ह्यांतील येवल्याची पैठणी तर घरीं धुण्याची वस्तुच नव्हे. तिच्या पदरावर विणकराचे महिने खर्ची पडलेले असतात, आणि जरीला साबण सोसत नाहीं. नेसून झाल्यावर ती वाऱ्यावर टाकावी, मलमलींत गुंडाळून ठेवावी, आणि घड्या वरचेवर मोडाव्यात. डाग पडलाच तर तो जाणत्याच्या हातीं द्यावा.

तयार कपड्याच्या आंत एक लहानशी चिठ्ठी शिवलेली असते, ती बहुतेक लोक टोंचते म्हणून कापून टाकतात. तिच्यावर पाण्याच्या टबाचें चित्र असतें. त्यांत आंकडा असेल तर तो अंशांचा; ठिपके असतील तर एक ठिपका तीस, दोन चाळीस, तीन पन्नास आणि चार साठ अंश. टबांत हात काढला असेल तर हातानें धुवावें, आणि टबावर फुली असेल तर पाण्यांत घालूंच नये. ही चिठ्ठी वाचण्यास इंग्रजी येण्याचीही गरज नाहीं.

येथवर कापडाच्या हिताचा विचार झाला. परंतु घरांत आजारी माणूस किंवा तान्हें मूल असेल तेव्हां कापडाचें हित दुय्यम होतें. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाविषयीं सांगितलें आहे कीं, तें मऊ, हलकें व स्वच्छ असावें. घाम, मळ, मूत्र यांनीं भरलेलें टाकावें. आणि दुसरें मिळण्याजोगें नसेल तर तेंच उत्तम धुऊन, धुरी देऊन, पुरतें वाळवून वापरावें. दुसरें न मिळणाऱ्या घराची चिंता त्या ग्रंथकारानें वाहिली, हें विशेष.

मळक्या कपड्यांतून रोग कसा फिरतो, याचा धडा ट्यूनिस शहरांत चार्ल्स निकोल या फ्रेंच वैद्यानें दिला. प्रलापक ज्वराचे रोगी रुग्णालयाच्या दारापर्यंत सर्वांना रोग देत. त्यांचे कपडे उचलणाऱ्या नोकरांनाही तो होई. पण स्नान घालून, कपडे बदलून त्यांना आंत निजविलें कीं शेजारच्या खाटेवर रोग जात नसे. त्यावरून तो कपड्यांतील उवांमुळें पसरतो हें त्यानें १९०९ सालीं सिद्ध केलें, आणि त्यासाठीं १९२८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. आज खरजेच्या किड्यांविषयीं असें ठरलें आहे कीं, पन्नास अंशांच्या वर दहा मिनिटें कपडे राहिले तर ते मरतात. ब्रिटनमधील रुग्णालयांत चादरींसाठीं ६५ अंशांवर किमान दहा मिनिटें अथवा ७१ अंशांवर किमान तीन मिनिटें असा दंडक आहे. २०२० च्या साथींत जागतिक आरोग्य संघटनेनें रोग्याच्या कपड्यांस साठ ते नव्वद अंशांचें पाणी व साबण सांगितला होता. तात्पर्य, जुलाब, ओकाऱ्या, खरूज अथवा सांथीचा ताप घरांत असतां रोग्याचे सुती कपडे व चादरी वेगळ्या ठेवाव्यात, डाग गार पाण्यानें काढावेत, आणि मग दहा मिनिटें उकळून कडक उन्हांत वाळवाव्यात. एरवीं निरोगी घरांत रोजचें धुणें उकळण्याचें कांहीं प्रयोजन नाहीं.

आतां थोडें गणित. ज्यांच्या यंत्रांत अंशांचें बटन आहे त्यांस तें नको. पण पुष्कळ यंत्रें नळाचें पाणी येईल तसेंच घेतात, आणि बादलीला तर बटन नसतेंच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंच असल्यामुळें येथें पाणी शंभराऐवजीं अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतें. जानेवारीचें सोळा अंशांचें पाणी घेतलें, तर उकळत्या एका तांब्यास गार अडीच तांबे घातले असतां चाळीस अंशांच्या आसपास पाणी होतें. मे महिन्यांत सकाळचें पाणी तीस अंश धरलें, तर एका तांब्यास सहा तांबे घालावे लागतात. थंडींत समभाग मिसळले तर सत्तावन्न अंश होतात, म्हणजे हात घालण्यास तें पाणी घातक आहे. साठ अंशांच्या पाण्यानें कांहीं सेकंदांत कातडी भाजते. म्हणून बादलींत नेहमीं आधीं गार पाणी ओतावें आणि मग कढत, आणि रांगतें मूल घरांत असेल तर ती बादली क्षणभरही एकटी सोडूं नये. खर्चाचा हिशेबही असाच सोपा आहे. वीस लिटरची बादली सोळा अंशांवरून साठवर नेण्यास विजेचें सुमारें एक युनिट लागतें. चाळीसवर नेण्यास अर्ध्याहून थोडें अधिक. गच्चीवर सौर बंब असल्यास तेंही नको. न्हाऊन उरलेलें ऊन पाणी दुपारच्या धुण्यास उत्तम.

हें अर्धें युनिट कोणासाठीं खर्चावयाचें, हा शेवटचा मुद्दा. आणि माझ्या मतें तोच मुख्य आहे. साऱ्या चर्चेंत आपण कापडाला काय सोसतें हें पाहिलें. धुणाऱ्या हाताला काय सोसतें हें पाहिलें नाहीं. पौषांत सकाळीं सात वाजतां मोरींत बसून पंधरा अंशांच्या पाण्यांत तासभर हात घालणारी बाई घरची सून असो अथवा कामास येणारी मोलकरीण असो, तिच्या बोटांना भेगा पडतात, साबणाचा खार त्यांत झोंबतो, आणि सांधे आंखडतात. आपण स्नानासाठीं बंब तापवितों, तोंड धुण्यासही ऊन पाणी मागतों, आणि "कपड्यांना गारच बरें" असें शास्त्र तेवढें तिला सांगतों. कपड्याला गार पाणी चालतें म्हणून तें हाताला चालतें असें नाहीं. तीस-पस्तीस अंशांचें पाणी रंगीत सुती कापडाला बाधत नाहीं, विकरांना मानवतें, तेल सोडवितें आणि हाताला सुखावतें. ज्या एका योजनेनें चारही गोष्टी साधतात, ती करण्यास घरांतील वडीलधाऱ्यांनीं ठराव मांडण्याची वाट पाहूं नये. सकाळीं बंबाचें एक तपेलें मोरींत नेऊन ठेवावें.

गोदावरीवर धुणें नेण्याचा काळ आतां संपला. नदींत कपडे धुण्यास महानगरपालिकेची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पूर्वीं नदींत रिठा व खार जाई, आतां पावडरीचा फेस जातो, आणि तेंच पाणी खालच्या गांवांना प्यावें लागतें. धुणें घरांत आलें, तेव्हां त्याचें ओझेंही घरानें वाटून घ्यावयास हवें. येत्या रविवारीं घरांतील मुलांस कपड्यांच्या चार राशी करण्यास बसवावें : पांढरे सुती, रंगीत सुती, पॉलिएस्टर, आणि लोंकर-रेशीम. प्रत्येक राशीस कोणतें पाणी, हें त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावें, आणि तांब्यानें मोजून पाणी मिसळण्यास सांगावें. त्रैराशिकाचा अभ्यास होईल, आणि मोरींतील काम एका माणसाचें नव्हे हेंही त्यांस लहानपणींच कळेल.